तळटिपेला घाबरू नका : बायबलच्या भाषांतर समित्यांना खुले पत्र

बायबलच्या भाषांतर आणि संपादन समित्यांवर काम करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम सलाम.

नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत एक आश्वासन हमखास असते : भाषा सोपी केली आहे, अर्थाला धक्का लावलेला नाही. बहुतेक पानांपुरते ते खरेही असते. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे आपसांतले नाते काय, हा वाद ज्या मोजक्या वचनांवर सतराशे वर्षे चालला आहे, तिथे ते आश्वासन टिकत नाही. तिथे मूळ ओळच दोन-तीन वाटा दाखवते. तुम्ही एक धरता, बाकीच्या सोडता. धरावीच लागते, त्याला इलाज नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण इथे वाट फुटली होती हे वाचकाला कळूच दिले जात नाही. त्यासाठी हे पत्र.

आधीच सांगून टाकते, मी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मानणारी आहे. तेव्हा कोणीतरी विरोधी गटातून खोडी काढायला लिहिले आहे, असे समजून हे पत्र बाजूला सारू नका. आमच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात हीच वचने पुन्हा पुन्हा निघतात, आणि वर्गातल्या लोकांना हाती धरलेल्या पुस्तकाकडून काही मदत मिळत नाही, हे पाहून लिहिते आहे.

सगळ्यांत बदनाम ओळ आधी घेऊ. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्मा, पाणी आणि रक्त साक्ष देतात असे म्हटले आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीत त्याच्या आधी आणखी एक ओळ आहे : स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द (म्हणजे पुत्र) आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. त्रैक्यासाठी यापेक्षा सरळ वचन शोधूनही मिळणार नाही. अडचण एवढीच की ते योहानाचे नाही. चौथ्या शतकात, पुत्र देवाने निर्माण केलेला आहे असे मानणाऱ्या एरियसच्या अनुयायांशी ग्रीक भाषेत जी झुंज झाली, तीत हे वचन कोणी पुढे केलेच नाही. हाताशी असते तर सगळ्यांत आधी तेच निघाले असते. ते लॅटिनमधून आले. बहुधा कोणीतरी समासात लिहिलेले स्पष्टीकरण हळूच मजकुरात सरकले. इरास्मस या विद्वानाने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला, १५१९ मध्ये सुधारून पुन्हा छापला, आणि दोन्ही वेळा ही ओळ नव्हती. ओरड झाली. मग ती ओळ असलेले एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ती घातली. ते हस्तलिखित त्याच काळातले, शाईही नीट न वाळलेले म्हणा ना. आज ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, म्हणजे त्रैक्याच्याच नावाच्या छपराखाली.

आयझॅक न्यूटनने १६९० मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला एक लांबलचक लेख पाठवून ही ओळ घुसडलेली आहे असे दाखवून दिले. न्यूटनला त्रैक्य मान्य नव्हते आणि ते उघड बोलणे त्या काळी महागात पडले असते. लेख छापला गेला १७५४ मध्ये, तो गेल्यावर सत्तावीस वर्षांनी. रोमच्या कॅथलिक चर्चने १८९७ मध्ये या ओळीच्या अस्सलपणाबद्दल शंका घेणे सुरक्षित नाही असा निर्णय दिला आणि १९२७ मध्ये अभ्यासकांना मोकळीक दिली. आज बहुतेक नव्या भाषांतरांच्या मजकुरातून ती ओळ गेली आहे.

पण जाताना तिने नुकसान केले. पिढ्यान् पिढ्या जे वचन पाठ करून घेतले ते एका आवृत्तीत नाहीसे झाले की वाचकाला दोनच गोष्टी सुचतात : नवे भाषांतर देवद्रोही आहे, किंवा त्रैक्य बनावट आहे. दोन्ही चूक. त्या ओळीशिवायच बिशपांची निकेयाची परिषद ३२५ मध्ये झाली, कॉन्स्टॅन्टिनोपलची ३८१ मध्ये झाली, सिद्धान्त ठरला. पानाच्या तळाशी दोन ओळींची टीप असती तर हा घोळ झाला नसता.

न्यूटनने दाखवलेले दुसरे वचन १ तीमथ्य ३:१६. 'जो देहात प्रकट झाला' की 'देव देहात प्रकट झाला'? जुन्या ग्रीक लिपीत 'जो' या अर्थाचा शब्द दोन अक्षरी, आणि 'देव' या शब्दाचे संक्षिप्त रूपही दोन अक्षरी. फरक काय, तर गोल अक्षराच्या पोटात एक आडवी रेघ आणि डोक्यावर एक रेघ. लंडनमध्ये असलेल्या अलेक्झांड्रिनस हस्तलिखितावर यावरून भिंगे लावून वाद झाले. पोटातली रेघ म्हणजे चर्मपत्राच्या मागच्या बाजूच्या अक्षराची शाई उमटलेली आहे, असे वेटस्टाइन नावाच्या अभ्यासकाचे म्हणणे. या असल्या अभ्यासापायी त्याच्यावर पाखंडाचा ठपका आला आणि १७३० मध्ये बाझलमधले त्याचे पद गेले. एका रेघेपायी माणसाची भाकरी गेली. आपण मात्र ते वचन असे छापतो, जणू तिथे कधी काही घडलेच नाही.

हे झाले मूळ पाठाचे प्रश्न. भाषांतराचे प्रश्न याहून अवघड आहेत, कारण तिथे मूळ अक्षरांबद्दल भांडण नसते आणि तरीही वाटा फुटतात.

नीतिसूत्रे ८:२२ मध्ये ज्ञान स्वतःबद्दल बोलते, देवाने आरंभी आपल्याला काय केले ते सांगते. हिब्रू क्रियापद 'काना'. मिळवणे, विकत घेणे, आपले करून घेणे हा त्याचा नेहमीचा अर्थ; काही ठिकाणी उत्पन्न करणे हाही. ख्रिस्तपूर्व काळातल्या सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतराने 'निर्माण केले' असे केले. ज्ञान म्हणजे ख्रिस्त, हे तेव्हा जवळपास सगळ्यांनाच मान्य. मग एरियसला वेगळे काय हवे होते? पुत्र निर्माण केलेला आहे, शास्त्रातच लिहिले आहे! यावर त्रैक्याची बाजू लढवणाऱ्या अथनासियसने काय करावे? भाषांतर चुकले, असे म्हणून तो सुटला नाही. 'निर्माण केले' हे त्याने मान्य केले आणि ते ख्रिस्ताने धारण केलेल्या मानवी देहाबद्दल आहे असा अर्थ लावला, पानेच्या पाने खर्चून. मला ती पाने वाचताना त्याची कसरत दिसते आणि थोडी दयाही येते. पुढे बायबलचा भाषांतरकार जेरोम याने लॅटिनमध्ये हिब्रूवरून 'ताब्यात ठेवले' या अर्थाचा शब्द घातला आणि पश्चिमेकडे त्या वचनाची धारच गेली. आजच्या इंग्रजी भाषांतरांत 'निर्माण केले', 'जन्म दिला' आणि 'ताब्यात ठेवले' अशी तिन्ही रूपे चालू आहेत. कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडले यावर त्याचा एरियस होणार की अथनासियस, हे ठरावे का?

आता योहान १:१. ग्रीकमध्ये 'शब्द देवासह होता' इथल्या देव या शब्दाआधी निश्चित उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखे) आहे, 'शब्द देव होता' इथे नाही. त्रैक्य न मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदार या पंथाच्या १९५० च्या इंग्रजी नव्या कराराने त्यावरून शब्द हा कोणी एक देव होता असा अर्थ घेतला. त्रैक्यवाद्यांनी उत्तर म्हणून १९३३ मध्ये कोलवेल या अभ्यासकाने मांडलेला व्याकरणाचा नियम उचलला आणि तो उलटा वापरला. कोलवेल म्हणाला होता की निश्चित अर्थाचे विधेयनाम (कर्ता काय आहे हे सांगणारे नाम, इथे 'देव') क्रियापदाआधी आले तर त्याचे उपपद बहुधा गळते. उपपद नाही म्हणजे अर्थ निश्चितच, असे त्यातून निघत नाही. मला पटते ते तिसरे मत : इथे देव हा शब्द कोण आहे हे सांगण्यापेक्षा कसा आहे, कोणत्या स्वरूपाचा आहे हे सांगतो. १९६१ च्या न्यू इंग्लिश बायबलने नेमके तेच पकडले : देव जे होता, तेच शब्दही होता.

मराठीची गंमत अशी की आपल्याकडे उपपदच नाही. 'शब्द देव होता' हे वाक्य लख्ख आहे आणि त्यातूनच गोंधळ होतो. वर्गातला कोणताही विचारी माणूस विचारतो, देवासह होता आणि देवच होता, म्हणजे स्वतःच स्वतःबरोबर होता का? हा प्रश्न तिसऱ्या शतकातल्या साबेलियसच्या वाटेचा आहे : पिता, पुत्र, आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन रूपे. विचारणाऱ्याला साबेलियस माहीत नसतो. ग्रीकमधला भेद मराठीत दिसत नाही, म्हणून तो आपसूक तिथे पोचतो. मजकूर बदला असे मी म्हणत नाही, त्या वाक्याचा ठेका कोणी बिघडवू नये. पण खाली एक टीप हवी.

उलट काही ठिकाणी मराठीने आपल्यावर उपकार केले आहेत, आणि त्याची जाण आपल्याला फारशी नाही. सोळाव्या शतकात टिंडेल या भाषांतरकाराने इंग्रजीत 'सर्व काही त्या शब्दामुळे झाले' असे करताना शब्दासाठी निर्जीव वस्तूचे सर्वनाम वापरले. किंग जेम्स आवृत्तीने ते पुरुषाचे केले. ग्रीकमध्ये दोन्ही बसते. मराठीत 'त्याच्या द्वारे' म्हणा, पुल्लिंग असो की नपुंसकलिंग, रूप तेच. वाद उभाच राहत नाही. तसेच 'नमन'. येशूला लोकांनी केलेल्या ज्या क्रियेला काही भाषांतरे उपासना म्हणतात आणि काही नुसते वाकून नमस्कार, त्या ग्रीक क्रियापदात राजापुढे वाकणे आणि देवाला भजणे दोन्ही मावते. इंग्रजीत कोणता शब्द घेतला यावरून भाषांतरकाराचा पंथ ओळखता येतो. मराठी 'नमन' माणसालाही चालते आणि देवालाही. अशा जागी 'उपासना केली' घालून उगाच ठाम होण्याचा मोह टाळावा, ही विनंती.

पण पवित्र आत्म्याबाबत आपली भाषा आपल्याला फसवते. उपदेशात मी कित्येकदा ऐकले आहे : 'बघा, शास्त्राने आत्म्याला तो म्हटले आहे, ते म्हटलेले नाही, म्हणून आत्मा ही शक्ती नव्हे, व्यक्ती आहे.' मराठीत आत्मा हा शब्दच पुल्लिंगी. 'तो' म्हटल्याने व्यक्ती सिद्ध होत असेल तर योहानाच्या तिसऱ्या अध्यायातला वाराही व्यक्ती ठरेल. ग्रीक शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून किंग जेम्स आवृत्तीने रोमकरांस पत्र ८:१६ मध्ये आत्म्यासाठी वस्तूचे सर्वनाम वापरले आणि नंतरच्या आवृत्त्यांनी ते बदलले. हिब्रू शब्द बहुधा स्त्रीलिंगी. सुरुवातीचे सिरियन ख्रिस्ती लेखक आत्म्याला 'ती' म्हणत आणि त्यांच्या श्रद्धेत त्याने काही उणे आले नाही. आत्म्याचे व्यक्तिमत्त्व दाखवायचे तर ते दुसऱ्या वचनांतून दाखवा : तो आपल्या इच्छेप्रमाणे दाने वाटून देतो, त्याला खिन्न करता येते, त्याच्याशी लबाडी करता येते. तिथे सर्वनामाला काही काम नाही.

आता ज्या जागेसाठी मुळात लेखणी उचलली तिथे येते.

जुन्या करारात देवाचे चार अक्षरी नाव आहे. ते उच्चारायचे नाही म्हणून वाचताना 'प्रभू' म्हणायची यहुदी रीत. सेप्टुआजिंटच्या ख्रिस्ती हस्तलिखितांत त्या नावाच्या जागी 'किरियॉस' आहे, म्हणजे प्रभू. त्याआधीच्या काही यहुदी तुकड्यांत मात्र ग्रीक मजकुराच्या मधोमध ते नाव हिब्रू अक्षरांत लिहिलेले सापडते. नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक पौल येशूला 'किरियॉस' म्हणतो. मराठीत रूढ झाले ते असे : जुन्या करारात 'परमेश्वर', नव्या करारात 'प्रभू'. दोन्ही शब्द सुंदर आहेत. पण दोन वेगळे शब्द झाल्यामुळे मधला धागा तुटला.

योएल २:३२ काढा. परमेश्वराच्या नावाचा धावा करणारा तरेल. रोम १०:१३ काढा. प्रभूच्या नावाचा धावा करणारा तरेल. पौल योएलचे शब्द जसेच्या तसे उचलतो आहे, आणि चारच वचने आधी त्याने 'येशू प्रभू आहे' असे कबूल करायला सांगितले आहे. इस्राएलाच्या देवाचे वचन तो येशूला लावतो आहे, की परत पित्याबद्दल बोलतो आहे? यावर मोठमोठे ग्रंथ झाले. मराठी वाचकाला हा प्रश्न पडतच नाही, कारण त्याला दोन वचनांत एकच शब्द दिसत नाही. फिलिप्पै २ मध्ये प्रत्येक गुडघा टेकतो, ते यशया ४५:२३ मधून आले आहे आणि तिथे बोलणारा परमेश्वर आहे. इब्री १:१० मध्ये पुत्राला उद्देशून जे म्हटले आहे ते १०२ व्या स्तोत्रातले परमेश्वराला उद्देशून केलेले बोल आहेत. त्रैक्याचा खरा पाया मला इथे दिसतो, त्या घुसडलेल्या ओळीत मुळीच नाही. आणि नेमका हाच पाया आपल्या पुस्तकात झाकलेला आहे.

यहोवाच्या साक्षीदारांच्या भाषांतराने दुसरे टोक गाठले. त्यांनी नव्या करारात २३७ ठिकाणी 'यहोवा', म्हणजे तेच चार अक्षरी नाव, घातले, रोम १०:१३ मध्येही. नव्या कराराच्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ते नाव नाही. त्यांच्या वाचकासाठी प्रश्न परस्पर निकालात निघाला : तिथे येशू नाहीच. त्यांना नावे ठेवायला आपण पुढे असतो. पण आपण दोन शब्द ठेवून आणि टीप न देऊन वेगळे काय केले? त्यांनी एक उत्तर छापले, आपण प्रश्नच पुसला.

न्यायाने हेही सांगायला हवे की स्तोत्र ११० मध्ये आपली रीत फायद्याची आहे. 'परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणाला' यात हिब्रूतले दोन वेगळे शब्द मराठीत वेगळे राहतात. ग्रीकमध्ये प्रभू प्रभूलाच म्हणतो आणि वाचक चक्रावतो. म्हणून सगळीकडे एकच शब्द करा असे माझे मागणे नाही. नव्या करारात जुन्या करारातले उद्धरण आले आणि तिथे मुळात देवाचे नाव असेल, तर खाली इतके छापा : 'योएल २:३२ मध्ये परमेश्वर.' तीन-चार शब्द. शाई किती लागेल?

बाकीची वचने भराभर सांगते. रोम ९:५ मध्ये ख्रिस्तालाच 'सर्वांवर असलेला देव' म्हटले आहे, की ख्रिस्तानंतर वाक्य संपून पित्याची स्तुती सुरू होते, हे विरामचिन्हावर ठरते. आणि पौलाच्या काळी विरामचिन्हे जवळपास नसतच. तीत २:१३ मध्ये 'महान देव' आणि 'तारणारा' एकच की दोन, यावर ग्रॅनव्हिल शार्प या इंग्रज अभ्यासकाने १७९८ मध्ये नियम मांडला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. योहान १:१८ मध्ये विसाव्या शतकात उजेडात आलेल्या दोन जुन्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितांत) 'एकुलता एक पुत्र' ऐवजी 'एकुलता एक देव' आहे. मराठी कानाला ते खटकते, तरी टिपेत यायलाच हवे. 'एकुलता एक' हा शब्द मात्र आपल्याकडे फार चांगला बसला आहे. इंग्रजीत 'जन्मलेला' हा भाग ठेवायचा की काढायचा यावर केवढे वादंग झाले. इब्री ११:१७ मध्ये अब्राहामाला इश्माएल हा आणखी एक मुलगा असतानाही इसहाकाला तोच ग्रीक शब्द लावला आहे, यावरून आपल्या जुन्या भाषांतरकारांचा कान किती तयार होता ते कळते. कलस्सै १:१५ मध्ये 'ज्येष्ठ' म्हटले तर मान दिसतो, 'प्रथम जन्मलेला' म्हटले तर लगेच विचारले जाते, जन्मण्याआधी कुठे होता?

तुमचे उत्तर मला अंदाजाने माहीत आहे : सामान्य वाचक गोंधळेल, त्याची श्रद्धा डळमळेल. सामान्य वाचक आज मोबाइलवर चार भाषांतरे शेजारी शेजारी उघडून बसतो. त्याला फरक दिसतातच. कारण कळत नाही, आणि कारण सांगायला जो पहिला भेटतो त्याचे तो ऐकतो. तो पहिला माणूस बहुधा दारावर आलेला प्रचारक असतो, किंवा व्हिडिओतला तावातावाने बोलणारा. त्यापेक्षा तुम्ही सांगितलेले बरे. किंग जेम्स आवृत्तीच्या भाषांतरकारांवरही हाच आक्षेप होता. त्याआधीच्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरातल्या टिपांचा तर राजा जेम्सलाच तिटकारा होता, आणि मतप्रचाराच्या टिपा घालायच्या नाहीत असा दंडकच होता. तरीही त्यांनी समासात पर्यायी अर्थ दिले आणि वाचकांना उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याचे समर्थनही केले : जिथे शब्द खरोखर संदिग्ध आहे तिथे ठामपणाचा आव आणण्यापेक्षा दोन्ही अर्थ दाखवणे चांगले. चारशे वर्षांपूर्वी जे धाडस झाले ते आज जड का जावे?

टीप लिहितानाही एक पथ्य पाळा. 'काही हस्तलिखितांत असे आहे' एवढेच लिहिले तर ते न लिहिल्यासारखेच. कोणत्या, किती जुन्या, आणि तुम्ही दुसरा पाठ का घेतला, हे एका वाक्यात सांगता येते. आणि टीप दोन्ही बाजूंना सारखी लागू करा. त्रैक्याला सोयीचा पर्याय मजकुरात आणि गैरसोयीचा कुठेच नाही, असे झाले की चाणाक्ष वाचकाला ते पहिल्या बैठकीत कळते, आणि मग तो उरलेल्या पुस्तकाकडेही संशयाने पाहू लागतो.

पुढच्या आवृत्तीचे काम सुरू असेल तर वर आलेल्या वचनांची यादी अध्याय आणि वचन क्रमांकांसह, प्रत्येकाच्या टिपेच्या कच्च्या मसुद्यासकट, मी लिहून ठेवली आहे. एक पानही पुरते भरत नाही. समितीने पत्ता कळवला तर लगेच पाठवते. मसुदे खोडून स्वतःचे लिहिलेत तरी हरकत नाही, फक्त ती जागा कोरी सोडू नका.

आपली नम्र,
शास्त्राभ्यास वर्गातली एक शिक्षिका